एका डोळ्याची साक्ष

प्रत्यक्षाला प्रमाण नको, अशी आपल्याकडे म्हण आहे. डोळ्यांनी पाहिले की वाद मिटला, असे आपण धरून चालतो. आपल्या दीनी परंपरेनेही यकीनच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. इल्मुल यकीन म्हणजे जाणून झालेली खात्री आणि ऐनुल यकीन म्हणजे पाहून पटलेली खात्री. दुसरी पायरी पहिलीच्या वरची मानली जाते. पण 'मी पाहिले' असे माणसाने केव्हा म्हणावे? या प्रश्नावर विचार करताना मला खगोलशास्त्रातील एक उदाहरण फार उद्बोधक वाटते.

कन्या राशीच्या दिशेला एम-८७ नावाची दीर्घिका आहे. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे साडेपाच कोटी वर्षे लागतात. तिच्या मध्यभागी एक महाकाय कृष्णविवर आहे. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट. कृष्णविवरातून प्रकाशही सुटू शकत नाही. मात्र त्याच्याभोवती फिरणारा तप्त वायू झळाळतो आणि त्या परिसरातून कणांचा एक झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर फेकला जातो. जे स्वतः दिसत नाही, त्याचा पत्ता असा आजूबाजूच्या खळबळीवरून लागतो.

१९१८ साली हेबर कर्टिस यांनी अमेरिकेतील लिक वेधशाळेत या दीर्घिकेतून निघालेली एक सरळ रेघ नोंदवली. ती कशाची हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी आकाशातील एका प्रबळ रेडिओ स्रोताची ओळख याच दीर्घिकेशी पटवली. पुढे क्ष-किरण, अतिनील किरण आणि गॅमा किरण टिपणाऱ्या दुर्बिणी आल्या. दृश्य प्रकाशात हा झोत सुमारे पाच हजार प्रकाशवर्षे लांब दिसतो. रेडिओ लहरींत पाहिले, तर त्याच्यामुळे फुगलेले ढग त्याच्या कितीतरी पलीकडे पसरलेले दिसतात. वस्तू एकच, पण प्रत्येक तरंगलांबी तिची वेगळी हकीकत सांगते.

या हकीकती नेहमी जुळतात असेही नाही. २००५ मध्ये एम-८७ मधून येणारे गॅमा किरण अचानक उसळले. त्या सुमारास झोतातील एक गाठ, जी कृष्णविवरापासून किमान दोनशे प्रकाशवर्षे दूर आहे, क्ष-किरणांत लखलखत होती. साहजिकच संशय तिच्यावर गेला. २००८ मध्ये पुन्हा गॅमा किरण उसळले, तेव्हा रेडिओ लहरींत दीर्घिकेचा गाभाच उजळला. आता बोट गाभ्याकडे वळले. २०१० मध्ये तिसरी उसळी आली. तेव्हा गाठ शांत होती, रेडिओतही गाभा तसा उजळला नाही. क्ष-किरणांत मात्र गाभ्याची चमक वाढली. गॅमा किरणांच्या दुर्बिणीची नजर इतकी बारीक नाही की गाठ आणि गाभा वेगळे ओळखावेत. मग यातला खोटा कोण? खोटा कुणीच नव्हता. प्रत्येकाने जे दिसले तेच सांगितले होते. घाई झाली असती ती एकाच साक्षीवर निकाल देण्याची.

यावर उपाय एकच: अनेकांनी एकाच वेळी पाहणे. भारताने २०१५ मध्ये सोडलेला अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रह अतिनील आणि क्ष-किरण एकाच वेळी टिपण्यासाठीच बनवला गेला. आपल्या नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या लांब रेडिओ लहरी ऐकतात. एम-८७ साठी एप्रिल २०१७ मध्ये असाच मोठा मेळ जमला. पृथ्वीवर दूरदूर पसरलेल्या आठ रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडल्या गेल्या. त्यांपैकी दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीला एम-८७ दिसतच नाही. तिने दुसऱ्या स्रोताचे वेध घेऊन जुळणीला मदत केली. त्याच काळात इतर तरंगलांबींच्या वेधशाळाही तिकडेच पाहत होत्या. चित्र घडवण्याचे काम चार गटांनी आरंभी एकमेकांशी न बोलता केले, जसे काझीने साक्षीदार वेगवेगळे बसवून जबाब घ्यावेत. चारही चित्रांत कडे उमटले, तेव्हा कुठे १० एप्रिल २०१९ रोजी ते जगाला दाखवले गेले.

वर्गातील मुले ते चित्र पाहून विचारतात, "सर, कृष्णविवर खरंच नारिंगी असतं का?" नसते. १.३ मिलिमीटरच्या लहरींना आपल्या डोळ्यांचा रंगच नाही. नारिंगी रंग माणसांनी दिलेला आहे. २०२१ मध्ये सर्व तरंगलांबींची निरीक्षणे एकत्र मांडली गेली, तेव्हा असे आढळले की गॅमा किरण आणि त्या रेडिओ लहरी एकाच जागेवरून येतात हे सरळसोट स्पष्टीकरण पुरत नाही. इतके साक्षीदार जमवून निघालेला हा निष्कर्षही किती जपून मांडलेला!

हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैथमने दृष्टीवर ग्रंथ लिहिला. वस्तूकडून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून दिसते, हे त्याने मांडले. शिवाय वस्तू ओळखण्यात मनाचा निवाडा मिसळलेला असतो, हेही सांगितले. म्हणजे आपण जिला ऐनुल यकीन समजतो, तिच्यात आपला अंदाज कधी शिरला ते आपल्यालाही कळत नाही.

माणसांच्या बाबतीत आपण याहून कितीतरी बेफिकीर असतो. कुणाची दाढी किंवा टोपी, कुणाचा बुरखा, कुणाचे आडनाव, कुणाची गुणपत्रिका, एवढ्यावर निकाल लागतो. मुसलमानांकडे असे एकाच तरंगलांबीत पाहिले जाते, ही आपली तक्रार रास्तच आहे. पण आपणही शेजारच्या मोहल्ल्याकडे, दुसऱ्या फिरक्याकडे, घटस्फोट घेतलेल्या बाईकडे तसेच पाहतो आणि 'मी डोळ्यांनी पाहिले' म्हणून शपथेवर सांगायला तयार होतो.

आपल्याकडे गवाहीला मोठी जबाबदारी मानले आहे. खोटी गवाही मोठ्या गुनाहांत गणली जाते. खरे पाहूनही त्याहून जास्त सांगणे, हा त्याच गुनाहाचा शेजारी आहे असे मला वाटते. प्रामाणिक साक्षीदाराने पाहिले तेवढेच सांगावे, कुठून आणि कसे पाहिले तेही सांगावे आणि दुसऱ्याची साक्ष येईपर्यंत निकाल थांबवावा. साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या कृष्णविवरासाठी माणसे इतका सब्र करू शकतात, तर शेजाऱ्यासाठी तो करणे अवघड असू नये.