न जिंकता मिळालेलं रौप्य

महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या जमिनीवरून वाद पेटल्यापासून आमच्या परळच्या भोईवाड्यातल्या एका विद्वान स्नेह्यांनी नवाच सिद्धांत काढला आहे. तिथे खेळल्या जाणाऱ्या पोलोला साहेबाचा खेळ म्हणून हिणवू नका. नावाजलेले कितीतरी पोलोपटू आयरिश होते, म्हणजे आपल्यासारखेच गुलाम! बेझंटबाई आणि निवेदितांच्या पंगतीत त्यांनी आता घोडेस्वारांनाही पाट मांडून दिला आहे.

त्यांचा लाडका नायक जॉन हार्ड्रेस लॉइड. जन्म १८७४चा. ऑफली परगण्यातला ग्लॉस्टर हा घराण्याचा वाडा. कुळं आयरिश, जमीनदार अँग्लो-आयरिश, हा तिथला जुना हिशेब. लॉइड मंडळी दुसऱ्या रकान्यातली. अशा घरांतली मुलं घोडदळात जायची. हाही ड्रॅगून गार्ड्समध्ये गेला, बोअर युद्धात लढला आणि १९११ साली अमेरिकेत पोलो खेळायला उतरला तो इंग्लंडचा कर्णधार म्हणून. पुढे १९१७ साली काँब्रेच्या लढाईत तो घोड्यांऐवजी रणगाड्यांची ब्रिगेड हाकत होता. याला गुलाम म्हणायचं, तर आमच्या गिरणीमालकांना कामगार म्हणावं लागेल.

१९०८च्या लंडन ऑलिंपिकची गंमत तर सांगायलाच हवी. पोलोत संघ तीनच, तिन्ही एकाच राज्याचे. रोहॅम्प्टनने आधी हर्लिंगहॅमला हरवलं, मग आयर्लंडला ८-१ असं लोळवलं. लॉइड, ओ'रायली, रॉदरम, मॅकॅन या चौघांनी एकच सामना खेळला, तो हरले आणि रौप्यपदक घेऊन घरी गेले. पदक जमा झालं ब्रिटनच्या खात्यात.

लॉइडांसारख्या घराण्यांच्या वंशावळी बर्कच्या जाडजूड ग्रंथांत छापलेल्या सापडतात. कोण कुणाचा जावई, कुणाचा वाडा कुठे. त्यांच्या घोड्यांना खरारा करणाऱ्या मोतद्दारांना तिथे जागा नाही. ज्या भोयांच्या खांद्यांवरून मुंबईचे शेठ-साहेब फिरले, त्यांचीही वंशावळ कुणी छापली नाही. नातं जोडायचंच तर आमच्या स्नेह्यांनी तिथे जोडावं. आणि खेळ आपला ठरवायला आयर्लंडपर्यंत जायची गरजच काय? साहेब हा खेळ शिकला मणिपुरी स्वारांकडून. १८५९ साली सिलचरला क्लब निघाला तो त्यानंतर.

इथवर आलो की वाटतं, रेसकोर्सवरचे घोडे हाकलून लावावेत. पण डब्लिनचं फिनिक्स पार्क आडवं येतं. इंग्रज गेले, पोलो राहिला. तो चालतो सार्वजनिक बागेत. फिरायला आलेला माणूस तिकीट न काढता कडेला उभा राहून सामना बघतो. तेव्हा माझं भांडण खेळाशी नाही, दारवानाशी आहे. आम्हा परळकरांना हे लवकर कळतं. गिरण्यांच्या जमिनीतला मोकळ्या जागेचा वाटा विकास नियमावलीच्या २००१च्या दुरुस्तीने कसा आटला, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर पालिकेच्या उद्यानाला, ९१ रेसकोर्स चालवणाऱ्या टर्फ क्लबकडे, अशी वाटणी २०२४ साली ठरली. सकाळी ट्रॅकवर फिरणाऱ्यांना आजही आत सोडतात, हे मान्य. त्या ९१ एकरांत घोडे खुशाल दौडोत. फक्त पोलोचा सामना असेल त्या दिवशी भोईवाड्यातल्या पोरांना कुणाची ओळख, कुणाचा पास न विचारता आत सोडावं. स्नेह्यांनी पुढचा लेख यावर लिहावा. लॉइडसाहेबाला थोडी विश्रांती द्यावी.