फवारणाऱ्याचं रक्त

तासगाव-पलूसकडच्या बागेतला द्राक्षांचा एक घड मनापुढे आणा. घाई नको. मण्यांवरचा पांढुरका थर बघा, देठ बघा. फळछाटणीपासून तोडणीपर्यंत साधारण चार महिने हा घड वेलीवर होता. ढग आले की दावण्याची धास्ती, थंडीत भुरीची, मध्येच फुलकिडे, मिलीबग. प्रत्येक धास्तीला एक फवारा. बागायतदाराला दोष द्यायला हे आठवायचं नाही. त्याचं वर्षाचं कर्ज त्या मांडवाला टांगलेलं असतं.

हा घड आता युरोपला निघालाय. त्याआधी बागेतून नमुना जातो आणि प्रयोगशाळेतलं यंत्र त्यात शेकडो रसायनं शोधतं. ज्या रसायनाला युरोपनं वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच चालतं. म्हणजे किलोभर द्राक्षांत एका ग्रॅमचा लाखावा भाग. या आकड्यापाशी थोडं थांबा.

२०१० चा हंगाम अनेकांना आठवत असेल. क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या तोंडी लिहोसिन. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला उन्हाळ्यात मारलेलं हे रसायन कितीतरी महिन्यांनी आलेल्या फळात सापडलं, आणि कंटेनर युरोपात अडकले. मग तेही तपासणीच्या यादीत आलं. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि अपेडा या कृषिनिर्यात संस्थेची ग्रेपनेट ही नोंदप्रणाली यांच्यामुळे निर्यातीचा घड कुठल्या प्लॉटमधला हे आज शोधता येतं. मला या व्यवस्थेचा अभिमानच वाटतो.

आता नजर घडावरून काढा आणि टाकीत औषध कालवणाऱ्या हाताकडे न्या. मांडवाखाली उभं राहून वर फवारा मारला की थेंब खाली येतात, मानेवर, पाठीवर. शर्ट ओला होतो. उकाड्यात रबरी हातमोजे आणि मास्क घालून तासन्‌तास काम करणं किती जड जातं, तेही मनात धरा.

इथं स्वतःच्या पापणीकडे लक्ष द्या. मिटली, उघडली. मज्जातंतूच्या टोकाला ॲसिटिलकोलिन सुटतं, स्नायू आखडतो, आणि लगेच कोलिनेस्टरेझ नावाचं विकर ते पुसून टाकतं. पुढचं अक्षर लिहिण्याआधी पाटी पुसावी तसं. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं या विकरालाच बांधून ठेवतात. पुसणं थांबलं की घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, धाप. फारच झालं तर श्वास बंद. थोडंथोडं अंगात जात राहिलं तर मात्र बाहेरून काहीच दिसत नाही. फक्त रक्तातला आकडा उतरत जातो.

तो आकडा आपल्याकडे मोजलेला आहे. जे. ए. पाटील, ए. जे. पाटील आणि एस. पी. गोविंदवार या संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांत फवारणी करणाऱ्यांचं रक्त तपासलं. २००३ मध्ये निबंध छापून आला. फवारणाऱ्यांचं कोलिनेस्टरेझ लक्षणीय कमी भरलं होतं.

आणि कायदा? १९७१ च्या कीटकनाशक नियमांतला ३७ वा नियम फवारणी करणाऱ्याची कामाआधी वैद्यकीय तपासणी सांगतो. ऑरगॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट हाताळणाऱ्याचं कोलिनेस्टरेझ वेळोवेळी मोजावं, असंही सांगतो. रोजानं फवारायला येणाऱ्या किती जणांचं मोजलं जातं, हे आपल्या गावापुरतं स्वतःलाच विचारा. कॅलिफोर्नियात अशी देखरेख १९७४ पासून आहे. हंगामाआधी प्रत्येकाचा स्वतःचा मूळ आकडा घेतात, कारण तो माणसागणिक वेगळा असतो. पुढे तो मूळच्या ८० टक्क्यांवर आला की कामाची पद्धत तपासतात. आणखी घसरला की त्या माणसाला फवारणीवरून काढून दुसरं काम देतात.

रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र शिकणारी मुलं विचारतात, विषशास्त्रात पुढे काय? वाटा आहेत. अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळा, प्रदूषण नियंत्रण मंडळ, नव्या औषधांच्या सुरक्षाचाचण्या करणाऱ्या संस्था. नेट देऊन संशोधनात जायचं तर लखनौची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था, अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था. पण माझं मत विचाराल तर घड मोजणाऱ्या खुर्च्या पुष्कळ झाल्या, फवारणाऱ्याचं रक्त मोजणाऱ्या फार थोड्या. बागेत वाढलेल्या मुलीनं किंवा मुलानं या दुसऱ्या खुर्चीसाठी हट्ट धरावा.

बागायतदारांना एवढीच विनंती: यंदा फळछाटणीनंतरचा पहिला फवारा मारण्याआधी, फवारणाऱ्याचं कोलिनेस्टरेझ तपासून घ्या, अहवाल जपून ठेवा, ऐन हंगामात पुन्हा तपासा, आणि तो खर्च औषधांच्या बिलातच धरा.