तोंडाचा दांडपट्टा आणि एक चिनी अक्षर

चिनी लिपीत ‘वू’ नावाचं एक अक्षर आहे. अर्थ लढाऊ, युद्धाचं; ‘वूशू’मधला वू तोच. अक्षर फोडलं की दोन तुकडे निघतात. एक म्हणजे लांब दांड्याला आडवं पातं बसवलेलं जुनं शस्त्र. दुसऱ्याचा अर्थ थांबणं. इ.स.पू. ५९७ मध्ये छू राज्याच्या च्वांग राजाने मोठी लढाई जिंकली, तेव्हा शत्रूंची प्रेतं रचून विजयाचा ढिगारा उभारा, असं त्याला सुचवण्यात आलं. तो नको म्हणाला. कारण दिलं अक्षराचं: शस्त्र थांबवणं म्हणजेच वू.

गंमत अशी की राजाची फोड चुकीची होती, असं आजचे बहुतेक अभ्यासक मानतात. हाडांवर कोरलेल्या जुन्या अक्षरांत तो दुसरा तुकडा म्हणजे पावलाचं चित्र आहे. पाऊल अधिक शस्त्र, म्हणजे शस्त्र घेऊन चाल करून जाणं. नेमकं उलटं!

मग चुकीच्या व्युत्पत्तीवर उभी राहिलेली नीती खोटी ठरते का? मला नाही वाटत. ‘मी’साठीचं चिनी अक्षरही मुळात शस्त्राचंच चित्र, उच्चार जुळतो म्हणून उसनं घेतलेलं. त्यावरून ‘अहंकार हेच शस्त्र’ असं प्रवचन कुणीही झोडू शकतो. फुकटात. राजाला मात्र त्याचा अर्थ महागात पडला, त्याने स्वतःचं स्मारक सोडलं. शब्दाचा अर्थ लावणाऱ्याने त्यासाठी काय मोजलं, हे मी आधी बघतो. व्युत्पत्ती नंतर.

आपल्याकडे याच्या जवळचा शब्द म्हणजे पट्टा. २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. पण आमच्या राजापेठेत तो आधीपासून रोज चालतो, तोंडाचा. अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, त्यामुळे लाठी-मल्लखांब या गोष्टी इथे पुस्तकातल्या नाहीत. दांडपट्ट्याची मूठ लोखंडी खोबणीच्या आत असते आणि ती खोबण जवळजवळ कोपरापर्यंत येते. मनगट वळत नाही. पातं फिरवायचं तर खांदा, कंबर, पाय, सगळंच फिरवावं लागतं. तलवार हातात धरतात. पट्ट्यात हातच घालावा लागतो. म्हणून ‘तोंडाचा पट्टा सुटला’ म्हटलं की अख्खा माणूस बोलताना दिसतो, नुसती जीभ नाही.

आमच्या क्षेत्रातही शस्त्रं भरपूर. सर्व्हर पडला की ‘वॉर रूम’, अडकलेली प्रोसेस ‘किल’ करायची, महिन्याचं ‘टार्गेट’. हे ऐकून माणसं हिंसक होतात, असं सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. प्रोसेस किल करून कुणी हिंसक झाल्याचं मी पाहिलेलं नाही. मला भीती वाटते ती मऊ शब्दांची.

मी पूर्वी होतो त्या कंपनीत एका शुक्रवारी आमच्या टीममधले चार जण गेले. मेलमध्ये शब्द होता ‘रिलीज’. नवीन व्हर्जनसाठी आम्ही वापरतो तोच. आजीला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, “रिलीज मंजे काय रे? बांधून ठेवलं होतं का त्याह्यले? काढलं म्हन नं सरळ.”

‘गळ्यावर सुरी फिरवली’ हा शब्दप्रयोग क्रूर आहे, मान्य. पण त्यात सुरी आहे, म्हणून गळा आहे, आणि सुरी धरणारा हातही आहे. हात असला की त्याला ‘थांब’ म्हणता येतं, च्वांगसारखं त्याने स्वतःहून थांबणंही शक्य असतं. ‘रिलीज’ला थांबवायचं कुणी?

तो मेल मी ठेवलाय. शेवटचं वाक्य आहे, ‘असा निर्णय घेण्यात आला आहे.’ कुणी घेतला, ते कुठेच लिहिलेलं नाही.