स्वस्त बोलीचा हिशेब

सोयाबीन विकलं, संत्र्याचा आंबिया बहार निघाला, हातात चार पैसे आले, की तिवसा तालुक्यातल्या होतकरू तरुणाच्या मोबाइलवर शोध सुरू होतो. कोणत्या बँकेनं कुठं ट्रॅक्टर ओढला, कोणतं दुकान हर्राशीत निघालं, बोली कितीपासून आहे. पूर्वी अशा हर्राशीची दवंडी गावात फिरायची. आता मोझरीत बसून अकोल्याच्या गोदामावर बोली लावता येते.

यात वावगं काही नाही. घर, दुकान, यंत्र पडून राहिलं तर ते गंजतं, ढासळतं आणि कर्जदाराच्या डोक्यावरचं व्याज मात्र चढतच जातं. बोली लावायला कोणीच आलं नाही, तर राखीव किंमत उतरवून पुन्हा हर्रास होते. तेव्हा बोली लावणारा माणूस मुळात कर्जदाराचा वैरी नाही. योग्य किंमत देणारा तर त्याचा भार हलका करतो.

प्रश्न योग्य किमतीचा आहे. बँकेची वस्तू स्वस्तात घेतली, बँकेला काय फरक पडतो, असं आपण सहज म्हणतो. कायदा काय म्हणतो, तेही पाहावं. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी 2002 साली सरफेसी कायदा झाला. शेतजमीन त्यातून वगळली आहे. घर, दुकान, गोदाम वगळलेलं नाही. या कायद्यानुसार विक्रीतून कर्ज आणि खर्च वजा जाऊन काही उरलं, तर ते हक्कदाराला परत द्यावं लागतं. कमी पडलं, तर उरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करता येते. समजा, कर्ज बारा लाखांचं आहे आणि घर दहा लाखांना गेलं, तर दोन लाख त्याच्या डोक्यावर राहिले. तेच घर आठ लाखांत गेलं, तर चार लाख. आपला वाचलेला प्रत्येक रुपया आधी त्याच्या खात्यावर चढतो.

शिवाय कर्जदाराला नाही म्हणायची सोय नसते. बाजार समितीत भाव पटला नाही, तर शेतकरी आपला माल परत नेऊ शकतो. 2016 मध्ये सुरू झालेल्या ई-नाम या ऑनलाइन बाजारातही बोली नाकारता येते. बँकेच्या हर्राशीत तसं नाही. सरफेसी कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनंतर हर्राशीची सूचना प्रसिद्ध झाली, की पैसे भरून मालमत्ता सोडवण्याचा हक्क संपतो. सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच्या बाजूनं आता एकच गोष्ट उभी असते : खुली, खरी चढाओढ.

चढाओढ खुली असण्याचं मोल वऱ्हाडाला निराळं सांगायला नको. जुन्या बाजारांत दलाल आणि व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून सवदा ठरवायचे आणि ज्याचा माल, त्यालाच भाव कळायचा नाही. नियमन केलेला देशातला पहिला कापूस बाजार 1886 मध्ये आपल्याच कारंजात उभा राहिला. पुढं 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. उघड्यावर बोलली जाणारी बोली हे कास्तकाराचं संरक्षण आहे, हे या मातीनं फार लवकर ओळखलं.

मोबाइलवरच्या हर्राशीनं हे संरक्षण वाढवलं, कारण बाहेरगावचा माणूसही बोली लावू शकतो. पण रुमाल नव्या रूपात परत येऊ शकतो. चार इच्छुक आधीच ठरवतात : या वेळी तू घे, पुढच्या वेळी मी, मध्ये कोणी चढवायचं नाही. कोणी आवई उठवतो, त्या घरात भाऊबंदकीचा दावा आहे, हात लावू नका. 2002 चा स्पर्धा कायदा व्यापाऱ्यांचं असं संगनमत बेकायदा ठरवतो. पण तो लागू होवो वा न होवो, विचारायचं आपण स्वतःलाच. समोर नसलेल्या, बोलू न शकणाऱ्या माणसाच्या खिशातून काढलेल्या पैशाला नफा म्हणावं का?

म्हणून बोलीचा काही धर्म असावा. वस्तू प्रत्यक्ष पाहावी, कारण ती ‘आहे त्या स्थितीत’च मिळते. आपल्या लेखी तिची किंमत किती आणि आपल्याकडे पैसा किती, हे आधी कागदावर लिहावं आणि त्याच आकड्यापर्यंत बोलावं. कुणाशी आधी संधान बांधू नये, खोटी बातमी पसरवू नये. कमी पैशांत मिळालं तर ते मनमोकळेपणानं घ्यावं. मात्र ते खुल्या चढाओढीतून मिळालेलं असावं. आणि ताबा घेताना तिथल्या माणसांना सामान हलवायला अवधी द्यावा, शब्द जपून वापरावा. त्यांची वस्तू गेली. त्यांची इज्जत आपण विकत घेतलेली नाही.

तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारलं आणि गावाला सामुदायिक प्रार्थनेत एका रांगेत बसवलं. त्या रांगेत घेणाराही बसतो आणि ज्याचं गेलं तोही. ज्याचं गेलं, त्याला आपण दिलेली किंमत निःसंकोच सांगता येईल, असाच व्यवहार करावा. जो आकडा त्याच्यापासून लपवावासा वाटतो, त्या आकड्याला वस्तू घेऊच नये.