पाचवं कारण

बँकांच्या गृहकर्जासाठी घरांचं मूल्यांकन करणं हा माझा धंदा, आणि राहायला मी पुण्यात खराडीतच. इथे दार दक्षिणेला म्हणून ठरलेला सौदा मोडणारे मी पाहिलेत. दक्षिणेला मुळा-मुठा नदी किती मीटरवर आहे, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

नदीच्या नकाशावर पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. ऐकून माणूस निर्धास्त होतो. वास्तविक दर वर्षी फासा नव्याने पडतो. २० वर्षांच्या कर्जफेडीत निळ्या रेषेच्या आतल्या घरात एकदा तरी पाणी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. तळमजल्याचं १० लाखांचं नुकसान धरा. त्याला २५ ने भागलं की वर्षाला ४० हजार. हा हप्ता कागदावर कुठेच नसतो.

पाणी आलं की मग आपण म्हणतो, दैव! गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत, त्यांत दैव पाचवं. आपण पहिल्या चारांचा हिशेब न देता थेट पाचव्यावर उडी मारतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं ते काम अपुरं असताना पाणी भरल्यामुळे. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी ३५ हजार क्युसेकच्या आसपास होतं. यात दैवाचा वाटा किती?

एवढं सगळं बोलणं सोपं आहे. आमच्याच भागातल्या एका काकूंना तळमजल्यावरचा फ्लॅट विकायचाय. म्हणाल्या, "भाऊ, अहवालात पुराचं लिहू नका हो. आमच्या घरात कधी थेंब आला नाही." खरं बोलल्या. पण घर निळ्या रेषेच्या आत आहे. मी लिहिलं, तर पाण्याचा थेंबही न पडता त्यांचं नुकसान आजच होतं. नाही लिहिलं, तर तेच नुकसान नकळत दुसऱ्याच्या संसारावर जातं. म्हणजे नकाशा नुसता तोटा दाखवत नाही, तो कुणी सोसायचा हेही ठरवतो. माझ्या मते जाणून गप्प राहणं हे पापच, मग समोर विधवा बाई का असेना. मी लिहिणार, असं त्यांना सांगितलं.

काकू रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आणि ज्यानं आम्हाला हे घर विकलं, तो?"

त्या बिल्डरची कंपनी केव्हाच बंद झालीय.