वाट सांगणारा आप्त कोण?

'वाट माणसाला पुसावी की यंत्रात पाहावी?' असा प्रश्न हल्ली तरुण मंडळी आम्हांस विचारतात. प्रश्न वरवर प्रवासाचा, पण आतून प्रमाणाचा आहे. कोणाच्या शब्दावर पाऊल टाकावे, हे त्यात विचारले आहे.

शास्त्राने शब्द प्रमाण मानला, पण तो आप्ताचा. वस्तू जशी आहे तशी जाणणारा आणि तशीच सांगणारा तो आप्त. हातातले जीपीएस या कसोटीला लावून पाहू.

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे उपग्रह फिरतात. त्यांचा संदेश कधी निघाला व कधी पोचला, यावरून अंतर निघते. निदान चार उपग्रहांची अंतरे जुळली की आपण कोठे उभे आहोत ते कळते. हे गणित बहुधा खरे ठरते. पण उपग्रहावरून कळते ते एवढेच की 'तू येथे आहेस.' पुढचा रस्ता नकाशातून येतो, आणि नकाशा माणसांनी मागे केव्हातरी भरलेला असतो. म्हणजे यंत्राच्या एका वाक्यात आत्ताचे ज्ञान आणि कालचे ज्ञान मिसळलेले असते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून मोटार कोसळली व तिघे प्राणास मुकले. यंत्राने दाखविलेल्या वाटेने ते चालले होते, असे तेव्हा सांगण्यात आले. पुलाच्या तोंडाशी अडसर नव्हता, हा दोष माणसांचाच. पण नकाशात पुरा असलेला पूल नदीवर पुरा नव्हता! काठावरचा एखादा गुराखी सहज बोलला असता, 'पुढं पूल नाही, माघारी फिरा.'

मग यंत्र टाकून द्यावे काय? छे! अपरात्री रुग्णाच्या दारी गाडी आणणारे साधन निंदण्याजोगे नाही. शिवाय माणूसही चुकतो. 'हे काय, इथंच आहे' म्हणून दोन कोस चालविणारे कोणाला भेटले नाहीत? मात्र माणसाला उलट विचारता येते, 'तुम्ही त्या वाटेनं कधी गेला होता?' भला माणूस 'तिकडचं मला ठाऊक नाही बुवा' म्हणून जाणत्याकडे बोट दाखवितो. पडद्यावरची रेघ नव्या वाटेवर आणि मोडक्या वाटेवर सारख्याच ठामपणे उमटते.

म्हणून वाचकहो, यंत्रास विचारा, गावकऱ्यासही विचारा; आणि दोघांचे बोलणे डोळ्यांना दिसते त्याच्या विरुद्ध गेले तर थांबा. दिंडीत पुढच्याच्या पावलावर मागचा पाऊल टाकतो, तसे गाडीत मागे बसलेले आपल्या भरवशावर असतात. वाट कोणीही सांगो, त्यांचा भार चालविणाऱ्यावरच राहतो.