दूरदेशीची कार्डे आणि भेदाचे भान

'छंद' या शब्दाला संस्कृतात दोन अर्थ आहेत: एक वृत्त, दुसरा इच्छा किंवा आवड. मराठीने दोन्ही अर्थ राखले. पण दुसऱ्या अर्थातून 'छंदिष्ट' हा शब्द घडवताना त्यात उपहासाची किंचित छटा मिसळली. दूरदेशीची चित्रकार्डे जमवणारा माणूस आपल्याकडे याच छटेने ओळखला जातो. पाश्चात्त्यांनी मात्र या छंदाला शास्त्राचा पोशाख चढवला आणि १९४५ मध्ये ग्रीक 'डेल्टिऑन' म्हणजे लहान लेखनपट या शब्दावरून 'डेल्टिऑलॉजी' हे नाव घडवले. उपहास आणि शास्त्र या दोहोंमुळे मूळ प्रश्न मागे पडतो. तो प्रश्न नैतिक आहे. जे दूर आहे, ज्याच्याशी आपला व्यवहार नाही, ते जवळ ठेवण्याचा अधिकार माणसाला कशाने प्राप्त होतो?

या प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी कार्ड ही वस्तू काय आहे, हे आधी पाहावे लागते. एमानुएल हेरमान या अर्थशास्त्रज्ञाने १८६९ च्या आरंभी व्हिएन्नातील वृत्तपत्रात अशा स्वस्त पत्राची कल्पना मांडली आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ऑस्ट्रिया-हंगेरीत पहिले पोस्टकार्ड निघाले. भारतात ते १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याला मिळू लागले. त्याचे खरे नावीन्य स्वस्ताईत नव्हते, उघडेपणात होते. लिफाफा वाचणाऱ्याला निवडतो. कार्ड निवडत नाही. टपालवाला, शेजारी, दारातले मूल यांपैकी कोणीही ते वाचू शकतो. मराठी कुटुंबांनी या उघडेपणाशी जुळवून घेतले. क्षेमकुशल कार्डावर आले, गुपिते लिफाफ्यात राहिली. निधनवार्तेचे कार्ड वाचताच फाडून टाकायचे, ते घरात ठेवायचे नाही, ही रीतही त्यातूनच रुजली. कागद जपण्याला मर्यादा असते, काही शब्द संग्रहासाठी नसतात, हे त्या रीतीला ठाऊक होते.

संग्राहक नेमकी ही मर्यादा ओलांडतो. आपल्या परंपरेत 'अपरिग्रह' हे व्रत मानले गेले आहे. पतंजलीने यमांमध्ये त्याची गणना केली, जैन आचारात त्याला महाव्रताचे स्थान मिळाले आणि गांधींनी त्याला सार्वजनिक जीवनाचा अर्थ दिला. तेच गांधी कार्डावर पत्रे लिहिणाऱ्यांत अग्रगण्य होते, कारण कार्ड हे लिहून सोडून देण्याचे साधन आहे. मग ते जमवून ठेवणे हा परिग्रहच नव्हे काय? उत्तर इतके सरळ नाही. पुण्याचे दिनकर केळकर, म्हणजे कवी 'अज्ञातवासी', यांनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, दौती, भांडी अशा वस्तू जमवल्या, संग्रहालयाला दिवंगत मुलाचे नाव दिले आणि १९७५ मध्ये सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. परिग्रहाचा दोष वस्तू जवळ असण्यात नसून ती 'माझी' म्हणून अडवून धरण्यात असतो, हे अशा उदाहरणांतून दिसते. तथापि केळकरांच्या वस्तू आपल्याच लोकांच्या हातांनी झिजलेल्या होत्या. दूरदेशीच्या कार्डाची अडचण वेगळी आहे. तेथे जे जमवले जाते ते परके असते.

परक्याचा विचार करताना म्हैसूर जिल्ह्यातील बन्नूरची आठवण होणे अपरिहार्य आहे. म्हैसूरहून मळवळ्ळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, कावेरीच्या परिसरातले हे गाव द्वैतमताचे थोर तार्किक व्यासतीर्थ यांचे जन्मस्थान होय. विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या काळात त्यांना मोठी प्रतिष्ठा लाभली. 'न्यायामृत' आणि 'तर्कतांडव' हे त्यांचे ग्रंथ विख्यात आहेत. त्यांच्या एका लहान प्रकरणग्रंथाचे नाव 'भेदोज्जीवन' आहे. मध्वमतानुसार ईश्वर व जीव, ईश्वर व जड, जीव व जड, जीव व जीव, जड व जड असे पाचही भेद सत्य आहेत. ते अज्ञानाने भासणारे नव्हेत. आपल्याकडे सुशिक्षितांच्या तोंडी अद्वैताची भाषा इतकी रुळली आहे की, भेद म्हटला की तो मिटवण्याजोगा दोष वाटतो. दूरदेशीचे कार्ड हाती आले की आपण चटकन 'सगळीकडे माणूस सारखाच' असे म्हणतो. हा उद्गार उदार वाटतो. परंतु त्यात समोरच्याचे वेगळेपण न पाहताच पुढे जाण्याची सोय असते. वहीत ओळीने लावलेली साडेपाच इंच बाय साडेतीन इंचांची कार्डे हीच सोय करून देतात. आल्प्सचे शिखर, जपानचे देऊळ आणि नाईलचा काठ एकाच मापाचे होतात. बन्नूरच्या पोस्टात एखाद्या मुलाच्या नावे फिनलंडहून हिमाच्छादित तळ्याचे कार्ड येते, अशी कल्पना करावी. ज्याने पाणी गोठलेले पाहिले नाही, नदी वाहती असते एवढेच ज्याला माहीत आहे, त्याच्यासाठी ते तळे कावेरीसारखे नाही, हेच त्या कार्डाचे मोल आहे. भेद जिवंत ठेवणे हे संग्राहकाचे पहिले कर्तव्य ठरते.

परंतु येथेच दुसरा, अधिक बिकट प्रश्न उभा राहतो. मध्वमतात भेदाबरोबर तारतम्यही आहे, जीवाजीवांत श्रेणी आहे. ते तत्त्व त्या दर्शनाच्या चौकटीत तपासले पाहिजे, हे खरे. व्यवहारात मात्र भेद मान्य केला की उच्चनीचता आलीच, असा अनुभव इतिहास वारंवार देतो. वसाहतकाळातील चित्रकार्डे याचा ढळढळीत पुरावा आहेत. हिंदुस्थानातून विलायतेला गेलेल्या असंख्य कार्डांवर आया, धोबी, भिश्ती, नाचणारी स्त्री यांची छायाचित्रे आहेत. चित्राखाली व्यवसाय किंवा जात आहे, व्यक्तीचे नाव नाही. माणूस तेथे 'नमुना' झाला. अल्जीरियातील स्त्रियांच्या अशाच कार्डांचा मालेक अलूला यांनी १९८१ च्या फ्रेंच ग्रंथात परखड समाचार घेतला. त्या चेहऱ्यांवर रोखलेली वसाहतवादी नजर त्यांनी त्याच कार्डांच्या आधारे उघडी केली. आज ती कार्डे जुन्या बाजारात विकली जातात आणि संग्राहक ती हौसेने घेतात. ज्या स्त्रीने आपला चेहरा कोणाच्या वहीसाठी दिला नव्हता, तिचा चेहरा आपल्या वहीत आहे. विकत घेतल्याने या वस्तूवर मालकी येते. त्या चेहऱ्यापुढचे उत्तरदायित्व संपत नाही. ती कार्डे नष्ट करावीत असे मी म्हणणार नाही, कारण अन्यायाचा पुरावा नष्ट करणे हाही अन्यायच होय. पण सौंदर्यवस्तू म्हणून नव्हे, पुरावा म्हणून ती ठेवली पाहिजेत.

भेद मानावा, पण श्रेणी लावू नये, हे साधावे कसे? याचे उत्तर मला बन्नूरच्याच परंपरेत सापडते. पुरंदरदास व कनकदास हे व्यासतीर्थांचे शिष्य होते, असे परंपरा मानते. कनकदास धनगर समाजातले. पुरंदरदासांची मुद्रिका 'पुरंदर विठ्ठल' अशी; म्हणजे कन्नड पदाच्या शेवटी भीमातीरीच्या दैवताला हाक. उलट मराठी संतांनी त्याच दैवताला 'कानडा' म्हटले. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात या देवाच्या दक्षिणी धाग्यांचा विस्तृत शोध घेतला आहे. विठ्ठल आपला आहे म्हणून त्याचे कानडेपण मराठी मनाने पुसले नाही. ते नावातच जपले. भेद कायम राहिला आणि हाकही गेली. नमुन्याला कोणी हाक मारत नाही, त्याचे वर्णन करतो. हाक मारली की समोरचा उत्तर देण्यास मोकळा होतो. श्रेणी तेथे टिकणे कठीण असते.

टपालाच्या व्यवहारातही हे तत्त्व नकळत अवतरले आहे. १८७४ मध्ये बर्न येथे स्थापन झालेल्या टपालसंघाने सर्व सदस्यदेश हे एकच टपालक्षेत्र मानले. भारत १८७६ मध्ये त्यात आला. तिकिटाचा पैसा पाठवणाऱ्या देशाने ठेवायचा आणि पोहोचवणाऱ्या देशाने परक्याचे पत्र आपल्याच पत्रासारखे दारी न्यायचे, असा मूळ नियम होता. १९६९ च्या टोकियो अधिवेशनात वाटपखर्चाच्या भरपाईची पद्धत मान्य झाली, तोवर जवळजवळ शतकभर जगाचे टपाल परस्पर आतिथ्याच्या भरवशावर चालले. २००५ मध्ये पाउलो मागाल्याइश या पोर्तुगीज तरुणाने सुरू केलेल्या 'पोस्टक्रॉसिंग'ने या आतिथ्याला वेगळे रूप दिले. त्यात आपण एका अनोळखी माणसाला कार्ड पाठवतो. आपल्याला कार्ड येते ते मात्र तिसऱ्याच कोणाकडून. ज्याला दिले त्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही. हा निष्काम कर्माचा आदर्श आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण आपल्या वाट्याचे कार्ड येणार हे ठाऊक असते. तरी घेण्याआधी द्यावे लागते आणि देताना कोणाचे तरी नाव स्वहस्ते लिहावे लागते, ही शिस्त लहान नाही.

म्हणून दूरदेशीची कार्डे जमवण्याच्या छंदाचे समर्थन संख्येने होत नाही, दुर्मीळतेनेही होत नाही. कार्डाला दोन बाजू असतात. संग्राहक बहुधा चित्राची बाजू वर ठेवतो. नीतीचा प्रश्न मात्र मागच्या बाजूला, पत्त्याच्या ओळीत असतो. ज्या कार्डावर आपले नाव आहे त्याचे आपण ऋणी असतो आणि ते ऋण कोणाला तरी लिहूनच फिटते. ज्यावर दुसऱ्याचे नाव आहे त्याचे आपण केवळ राखणदार असतो. आणि ज्या चेहऱ्याला नावच दिले गेले नाही, त्याच्यापुढे संग्राहकाने किमान एवढे मान्य करावे की, ते कार्ड त्याच्यासाठी लिहिलेले नव्हते.